अनाथोथचे शेत

(आगमनकाळातील दुसऱ्या रविवारी होसकोटे येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आगमनकाळात संदेष्ट्यांच्या वाणीविषयी मी येथे काही बोलावे अशी आपण इच्छा प्रकट केलीत, ह्याबद्दल मी आपली ऋणी आहे. धर्मशास्त्रात माझा अधिकार नाही. मराठी भाषा हा माझ्या अभ्यासाचा विषय आणि भाषांतर हा व्यवसाय. जुन्या करारातील संदेष्ट्यांवरील एका ग्रंथाचे मराठी भाषांतर करीत असताना ज्या थोड्या शब्दांपाशी मला वारंवार थांबावे लागले, त्यांच्याविषयीच मला काही सांगता येईल.

तथापि ह्या व्याख्यानाला आणखीही एक निमित्त आहे. गेल्या वर्षी ह्याच दिवसांत उपासना आटोपल्यावर येथील एका वृद्ध बाईंनी मला गाठले. वेदीपाशी हिरव्या पानांच्या कड्यात चार मेणबत्त्या होत्या आणि त्यांतील दोन जळत होत्या. त्यांच्याकडे बोट दाखवून बाई म्हणाल्या, “ताई, लहानपणापासून दर वर्षी ह्या चार दिव्यांपुढे उभी राहते. येणार, येणार असे ऐकते. नाताळ येतो आणि जातो. मी घरी ज्याची वाट पाहते ते काही येत नाही. मग संदेष्ट्यांचे हे शब्द मी ऐकायचे ते कशासाठी?” मी काहीतरी बोलले. विश्वास, धीर असे शब्द त्यात होते. घरी परतताना मात्र माझे मलाच जाणवले की, प्रश्न खरा होता आणि माझे उत्तर पाठ केलेले होते. आजचे बोलणे हे त्या बाईंना उशिराने दिलेले उत्तर आहे असे समजावे.

होसकोटे ह्या नावाचा अर्थ नवा कोट. इ. स. १६३८ नंतर बंगळूर, होसकोटे, कोलार हा मुलूख शहाजीराजांच्या जहागिरीत आला आणि मराठी माणसे ह्या भागात येऊन राहिली. येथील मराठी घरांत घरातले बोलणे एका भाषेत आणि शाळा-बाजार दुसऱ्या भाषेत, अशी स्थिती पिढ्यानुपिढ्या आहे. भाषांतरकाराला अशा गावी आले की शब्दांची जोडपी आपोआप सापडतात. कन्नडमध्ये वाट पाहण्याला ‘कायु’ हा धातू आहे. त्याच धातूचा दुसरा अर्थ राखणे, रक्षण करणे. पिकाची राखण करणाऱ्याची क्रिया आणि परगावी गेलेल्या मुलाची वाट पाहणाऱ्या आईची क्रिया कन्नड माणूस एकाच धातूने सांगतो. हबक्कूक संदेष्टा परमेश्वराच्या उत्तरासाठी बुरुजावर पहारेकऱ्यासारखा उभा राहतो. दृष्टान्ताला विलंब लागला तरी त्यासाठी थांबून राहा, असे त्याला तेथेच सांगण्यात येते. पहारा देणे आणि वाट पाहणे ह्या दोन क्रिया त्या प्रसंगात एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत. मराठीत तो भाग उतरवताना मला दोन क्रियापदे वापरावी लागली. कन्नडचे एक पुरले असते.

आपण मराठीत वाट ‘पाहतो’. जो यायचा आहे तो दिसत नसतो, म्हणून तो ज्या रस्त्याने येईल त्या रस्त्याकडे आपण डोळे लावतो. यशयाच्या चाळिसाव्या अध्यायात अरण्यात मार्ग सिद्ध करण्याची हाक आहे: दऱ्या भरून काढाव्यात, टेकड्या सखल कराव्यात, खडबडीत जमीन सपाट करावी. आगमनकाळात चर्चमध्ये हा भाग वाचला जातो तेव्हा मराठी कानाला त्यात आपला वाक्प्रचारच उलगडल्यासारखा वाटतो. ज्या वाटेकडे पाहायचे, ती वाट आधी करायची. हा श्लेष मूळ हिब्रूत नाही, हे मात्र प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. हिब्रूत वाट पाहण्यासाठी येणारा एक महत्त्वाचा धातू आहे ‘कावा’, आणि त्याच्याशी निगडित ‘तिक्वा’ ह्या नामाचा अर्थ आशा. हेच ‘तिक्वा’ यहोशवाच्या पुस्तकात दोर ह्या अर्थी आले आहे: यरीहोच्या तटावरील आपल्या घराच्या खिडकीला राहाबेने बांधलेला किरमिजी दोर. कोशकार ह्या धातूचा संबंध पीळ देणे, ताण देणे ह्या कल्पनांशी लावतात. मराठीत आपण आशा ‘धरतो’. दोर धरावा तशी ती धरली जाते आणि हात सैल पडला की सुटते. आपल्या पूर्वजांनी हे क्रियापद कोणत्याही हिब्रू कोशाकडे न पाहता निवडले, ह्याची मला मोठी गंमत वाटते.

आता संदेष्ट्यांकडे वळू. जुन्या मराठी भाषांतरांत हिब्रूतील ‘नाबी’ ह्या शब्दासाठी ‘भविष्यवादी’ असा शब्द आढळतो. आज ‘संदेष्टा’ रूढ झाला आहे आणि तो अधिक योग्य आहे, असे माझे मत आहे. भविष्यवादी म्हटले की आपल्या मनात ज्योतिषी उभा राहतो. मग यशयाचे पुस्तक पंचांगासारखे वाचण्याची सवय लागते. कोणते वाक्य कोणत्या साली खरे ठरले, ह्याचा जमाखर्च मांडला जातो आणि ज्याला आपल्या आयुष्याची जमा दिसत नाही, तो वाचक निराश होतो. त्या वृद्ध बाईंच्या प्रश्नामागे हीच सवय होती, आणि दोष त्यांचा नव्हता. त्यांना तसेच शिकवले गेले होते.

संदेष्ट्याचे शब्द प्रथम कोणीतरी समोर उभे राहून ऐकलेले असतात, हे विसरून चालत नाही. नाताळात वाचले जाणारे इम्मानुएलाचे चिन्ह प्रथम सांगितले गेले ते यहूदाचा राजा आहाज ह्याला, इ. स. पूर्व ७३५ च्या सुमारास. अराम आणि इस्राएल ह्या दोन शेजारी राज्यांनी त्याच्यावर चाल केली होती आणि त्याचे मन वाऱ्याने हलणाऱ्या रानातील झाडांसारखे कापत होते. तेथे हिब्रू शब्द तरुण स्त्री ह्या अर्थाचा आहे. पुढे ग्रीक भाषांतरकारांनी कुमारी ह्या अर्थाचा शब्द योजला आणि मत्तयाने तोच घेतला. ह्यावर पुष्कळ वाद झाले आहेत, त्यांत मी शिरत नाही. मला एवढेच दिसते की, ते वचन भ्यालेल्या माणसाला सांगितले गेले होते. अंधारात चालणाऱ्या लोकांविषयीच्या नवव्या अध्यायाचेही तसेच. जबुलून आणि नफताली हा गालीलाचा प्रदेश अश्शूरी राजा तिग्लथ-पिलेसर ह्याने इ. स. पूर्व ७३२ च्या सुमारास जिंकून घेतला. ज्या भागावर अंधार आधी पडला त्याच भागाचे नाव घेऊन संदेष्टा उजेडाविषयी बोलतो.

माझे मन मात्र सर्वांत अधिक गुंतले ते यिर्मयात.

इ. स. पूर्व ५९७ मध्ये बाबेलच्या राजाने यरुशलेमेतून राजाला, कारागिरांना आणि प्रतिष्ठितांना बंदिवान करून नेले. मंदिरातील पात्रेही नेली. त्यानंतर काही वर्षांनी हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात उभा राहून सर्वांसमक्ष म्हणाला की, दोन वर्षांच्या आत सारे परत येईल: पात्रे येतील, राजा येईल, बंदिवान येतील. यिर्मयाचे पहिले उत्तर लक्षात घेण्याजोगे आहे. तो म्हणाला, आमेन, तसे घडो. त्यालाही तेच हवे होते. यिर्मयाला रडका, कडवट म्हणून रंगवणाऱ्यांनी हे उत्तर पुन्हा वाचावे. नंतर मात्र त्याला सांगावे लागले की, हे दोन वर्षांचे आश्वासन खोटे आहे. ह्या पुस्तकात खोटा संदेष्टा सर्वनाशाची बातमी आणीत नाही. तो आशेचीच बातमी आणतो, फक्त मुदत फार थोडी सांगतो. त्याच सुमारास यिर्मयाने बाबेलातील बंदिवानांना एक पत्र पाठवले. घरे बांधा, मळे लावा, लग्ने करा, मुलांची लग्ने लावा, ज्या नगरात तुम्हांला नेले आहे त्याचे कल्याण चिंता, कारण सत्तर वर्षे लागतील, असा त्याचा आशय होता. ज्यांनी ते पत्र वाचले त्यांपैकी प्रौढ माणसांना हिशेब सहज करता आला असेल. सत्तर वर्षांनी आपण नसणार. तरीही मळा लावायचा होता.

ह्यानंतर काही वर्षे गेली आणि बाबेलच्या सैन्याने यरुशलेमेला वेढा घातला. यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत होता. त्या अवस्थेत त्याचा चुलतभाऊ हनामेल त्याच्याकडे आला. अनाथोथ हे त्यांचे गाव यरुशलेमेपासून थोड्याच अंतरावर, ईशान्येला. तेथील शेत हनामेलाला विकायचे होते आणि नात्याने ते सोडवून घेण्याचा पहिला हक्क यिर्मयाचा होता. आपण क्षणभर ह्या व्यवहाराकडे गावच्या माणसाच्या नजरेने पाहू. शेत शत्रूच्या ताब्यातील मुलखात आहे. घेणारा तुरुंगात आहे. नगर पडणार, असे घेणारा स्वतःच वर्षानुवर्षे ओरडून सांगत आला आहे. अशा वेळी जमीन विकायला निघालेल्या हनामेलाला कोणी धूर्त म्हणेल, कोणी गांजलेला म्हणेल. ती विकत घेणाऱ्याला मात्र आपल्याकडे एकच विशेषण मिळेल.

यिर्मयाने ते शेत घेतले. सतरा शेकेल रुपे तोलून दिले. शेकेल आणि आपला तोळा ह्यांच्या वजनात फारसा फरक नाही, तेव्हा मराठी वाचकाने सरळ सतरा तोळे चांदी समजावी. खरेदीखत लिहिले, त्यावर मोहोर केली, साक्षीदारांच्या सह्या घेतल्या. एक प्रत मोहोरबंद आणि एक उघडी, अशा दोन प्रती झाल्या. चौकात बसलेल्या सर्व यहूदी लोकांसमक्ष त्याने त्या बारूखाच्या हाती दिल्या आणि त्या मातीच्या मडक्यात घालून ठेवायला सांगितले, कारण त्या पुष्कळ दिवस टिकायला हव्या होत्या. घरे, शेते, द्राक्षमळे ह्या देशात पुन्हा विकत घेतले जातील, हे वचन त्या मडक्याच्या बरोबरीने आले आहे. एवढ्या रुक्ष, दप्तरी तपशिलाने आशेचे वर्णन केलेले दुसरे स्थळ मला ठाऊक नाही. भाषांतर करताना माझ्यापुढे ‘मुद्रांकित लेख’ असा भारदस्त शब्द होता. तो खोडून मी ‘खरेदीखत’ लिहिले. मूळ प्रसंगातील कागदाला काळ्या मातीचा वास आहे, तो जाऊ नये म्हणून.

ह्यापुढचा भाग व्याख्यानांतून बहुधा गाळला जातो. सर्व व्यवहार पुरा झाल्यावर यिर्मया प्रार्थना करतो आणि त्या प्रार्थनेच्या शेवटी त्याची शंका बाहेर पडते. नगर तर शत्रूच्या हाती जात आहे, मातीचे मोर्चे तटाला भिडले आहेत, आणि तू मला रुपे देऊन शेत घ्यायला सांगतोस! आधी शंका फिटली आणि मग त्याने शेत घेतले, असा क्रम तेथे नाही. रुपे तोलून झाल्यावर शंका आली आणि ती बोलून दाखवण्यात त्याला कमीपणा वाटला नाही. इ. स. पूर्व ५८७ च्या सुमारास नगर पडले. पुढे उरलेल्या लोकांनी यिर्मयाला बळेच आपल्याबरोबर मिसरात नेले. अनाथोथच्या त्या शेतात त्याने नांगर धरल्याचा उल्लेख कोठेही नाही.

मडक्याविषयी एक गोष्ट जाता जाता सांगते. इ. स. १९४७ मध्ये मृत समुद्राजवळच्या कुमरान येथील एका गुहेत मातीच्या बरण्यांतून काही जुनी चर्मपत्रे सापडली. त्यांत यशयाचे संपूर्ण पुस्तक असलेली, सात मीटरांहून लांब गुंडाळी होती. ती इ. स. पूर्व दुसऱ्या शतकाच्या आसपासची मानली जाते. मातीत आणि अंधारात ती सुमारे दोन हजार वर्षे शाबूत राहिली. यिर्मयाची मडक्याची निवड व्यवहाराच्या दृष्टीनेही चुकीची नव्हती.

ही वचने केवळ ख्रिस्ती लोकांची नाहीत. आपल्या कोकणातील बेने इस्राएल, ज्यांना रायगडच्या किनाऱ्यावर शनिवार तेली म्हणत, ते मराठी बोलणारे यहूदी ह्याच संदेष्ट्यांचे वाचक. एलिया संदेष्टा त्यांच्या घरोघरी ‘एलियाहू हन्नबी’ म्हणून पूज्य आहे. ह्या ‘नबी’ शब्दात आपला मघाचा ‘नाबी’ ओळखू येतो. घरात शुभकार्य झाले, नवस फिटला की ते त्याच्या नावाने मलिदा करतात: गोड केलेले पोहे, ओले खोबरे, फळे. अलिबागजवळच्या खंडाळे गावी एलियाचा रथ उतरल्याची त्यांची परंपरा आहे. मलाखीच्या शेवटच्या वचनांत त्या महान दिवसापूर्वी एलिया येईल असे म्हटले आहे. ख्रिस्ती वाचक बाप्तिस्मा करणाऱ्या योहानात तो आलेला पाहतात आणि आगमनकाळात योहानाची कथा वाचतात. बेने इस्राएल अजून त्याची वाट पाहतात. इ. स. १९४८ नंतर त्यांच्यातील बहुसंख्य कुटुंबे इस्राएलला गेली. कोकणच्या वाडीवर पोहे आणि खोबरे पुढे ठेवून जी वाट पाहिली गेली, तिच्याकडे ‘ह्यांना अजून कळले नाही’ अशा नजरेने पाहणे मला अनुचित वाटते. एकाच पुस्तकापुढे बसलेली ती माणसे आहेत.

आता शेवटी एका भाषांतरकर्तीविषयी बोलते, आणि येथे माझा पक्षपात मी लपवीत नाही. पंडिता रमाबाईंचा जन्म इ. स. १८५८ मध्ये आपल्या ह्याच कर्नाटकातील सह्याद्रीच्या अरण्यात, गंगामुळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे ह्यांच्याबरोबर हे कुटुंब तीर्थे करीत दक्षिणेत हिंडत राहिले. इ. स. १८७४ च्या सुमारास दुष्काळात आईवडील अन्नावाचून गेले, मग बहीणही गेली. पुढे इ. स. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा रमाबाई तेथे गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना घेऊन आल्या. पुण्याजवळील केडगाव येथे त्यांनी मुक्ती सदन वसवले. इ. स. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर तेथे सुमारे दोन हजार जीव राहत होते.

ह्या गर्दीत, विहिरी खणणे आणि धान्य मोजणे चालू असताना, रमाबाई हिब्रू व ग्रीक शिकल्या आणि त्यांनी सबंध पवित्र शास्त्र मूळ भाषांवरून मराठीत आणण्याचे काम हाती घेतले. प्रचलित भाषांतराची भाषा अल्पशिक्षित बायकांना कळत नाही, ही त्यांची तक्रार होती. ज्या बाईने संस्कृतच्या बळावर कलकत्त्याच्या पंडितांकडून ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ ह्या पदव्या मिळवल्या, तिने आपले संस्कृत बाजूला ठेवून साधे मराठी लिहायला बसावे, हे सोपे नव्हते. ज्याच्याजवळ भांडार आहे त्यालाच ते न उघडण्याचे कष्ट ठाऊक असतात. त्यांच्या भाषांतरातील सर्वच शब्दयोजना मला पटते असे नाही. काही ठिकाणी साधेपणासाठी वाक्य आखडल्यासारखे होते. परंतु विलापगीताच्या पाच अध्यायांपाशी आले की माझी टीका थांबते.

विलापगीत हे यरुशलेमेच्या पाडावानंतरचे रडणे आहे. त्याच्या चौथ्या अध्यायात तान्ह्या मुलाची जीभ तहानेने टाळूला चिकटते, मुले भाकर मागतात आणि ती मोडून देणारे कोणी नसते. तलवारीने मेलेले हे भुकेने मेलेल्यांपेक्षा सुखी, असा विचारही तेथे आहे. हा अध्याय रमाबाईंनी मराठीत लिहिला तेव्हा त्यांना कोश फारसा उघडावा लागला नसेल. ह्याच पुस्तकाची रचना मात्र विलक्षण काटेकोर आहे. हिब्रू वर्णमालेतील बावीस अक्षरांच्या क्रमाने पहिल्या चार अध्यायांतील कडवी चालतात आणि मधला, तिसरा अध्याय तिपटीने मोठा, सहासष्ट वचनांचा आहे. रडताना माणूस मुळाक्षरे का मोजील? मला वाटते, धरायला काहीतरी हवे म्हणून. आणि त्या मधल्या अध्यायाच्या आत, पुस्तकाच्या अगदी गाभ्यात, वाट पाहण्याचा तो शब्द येतो, ‘कावा’ ह्या धातूचा, दोराच्या पिळाचा. त्याच्या आधी रडणे आहे, नंतरही रडणे आहे. पाचव्या अध्यायाचा शेवट तर प्रश्नासारखा उघडाच राहतो.

इ. स. १९२१ मध्ये रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. संस्था पुढे तीच सांभाळील, अशी त्यांची अपेक्षा होती. रमाबाईंनी भाषांतर सोडले नाही. छपाईचे काम केडगावच्याच छापखान्यात होत होते आणि आश्रमातील स्त्रिया त्यात राबत होत्या. शेवटची मुद्रिते तपासून होईपर्यंत आयुष्य मिळावे एवढे त्यांनी मागितले आणि तेवढे त्यांना मिळाले, असे त्यांच्या चरित्रांत सांगितले जाते. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. छापलेला ग्रंथ इ. स. १९२४ मध्ये बाहेर पडला. बांधून तयार झालेली प्रत त्यांनी हातात धरली नाही.

बाईंनी मला विचारले होते की, घरी ज्याची वाट पाहते ते येत नसताना हे शब्द ऐकायचे कशासाठी. त्यांच्या घरी ते केव्हा येईल, हे मी सांगू शकत नाही. दोन वर्षांची मुदत देणाऱ्याच्या रांगेत मला बसायचे नाही. मी त्यांना एवढेच सांगू शकते की, हे शब्द ज्यांनी उच्चारले, ज्यांनी मडक्यांत घालून ठेवले आणि ज्यांनी ते मराठीत आणले, त्यांतील पुष्कळांच्या घरीही ते आले नव्हते. यिर्मयाला शेत मिळाले नाही, रमाबाईंना ग्रंथ मिळाला नाही. शेताचा कागद मात्र झाला होता आणि मुद्रिते तपासून झाली होती. दर वर्षी ह्या दिवसांत आपण ज्यांचे शब्द वाचतो ती ही अशी माणसे आहेत, आणि त्यांच्यासमोर आपली तक्रार मांडायला संकोच वाटण्याचे कारण नाही. त्यांनीही ती मांडली होती.

त्या बाई आज येथे आल्या आहेत. यिर्मयाचा बत्तिसावा अध्याय त्यांनीच वाचून दाखवावा, अशी मी त्यांना विनंती केली आहे. त्यांचे शिक्षण कन्नडमध्ये झाले, म्हणून त्या कन्नडमधून वाचतील. त्यांच्यामागून मी मराठीतून वाचीन.